ढोरांचे डॉक्टर आणि माझी भिंत

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मला वाईट वाटलं. पण वाईट वाटायच्या आधी दोनेक मिनिटं बरं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण नानांबद्दल लिहायचं आणि एवढंच लपवायचं, तर बाकीचं कशाला लिहू?

नाना म्हणजे ढोरांचे डॉक्टर. खरं तर डॉक्टर नव्हतेच. गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, साथीच्या दिवसांत पायथ्याच्या गावोगाव सायकलने हिंडून गुरांना सुया टोचायच्या, हे त्यांचं काम. मी इतिहासाचा शिक्षक, एम. ए., चोपड्याच्या हायस्कुलात एकतीस वर्षं नोकरी. माझं मूळ गाव धरणगाव. आता या दोघांमध्ये हेवा कोणी कोणाचा करायचा? सरळ हिशोबाने नानांनी माझा करायला हवा होता. त्यांना ते कधी सुचलंच नाही.

आमच्या दोघांमध्ये होती ती एक लढाई. कंपनी सरकारच्या अखेरच्या काळात, खानदेश आणि इंदूर संस्थान यांच्या सरहद्दीवर, सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल लढवय्ये आणि कंपनीची फौज यांच्यात ती झाली. पाठ्यपुस्तकात तिला अर्धी ओळसुद्धा नाही. मी मात्र तिच्यासाठी सुट्ट्यांमागून सुट्ट्या घालवल्या. धुळ्याला जाऊन जुने कागद चाळले, वाळवीने खाल्लेले अहवाल भिंगाने वाचले. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालात भिल्लांनी दगडांच्या आडोशाने गोळीबार केल्याचा उल्लेख सापडला. मग मी त्या माळावर गेलो, उन्हात दिवसभर फिरलो, आणि चढावर मला ती भिंत दिसली. कमरेएवढी, ओबडधोबड दगडांची, आडवी गेलेली. माझ्या अंगावर काटा आला. मी पुस्तिका लिहिली, नकाशा काढला, सरकारदरबारी अर्ज केले. काही वर्षांनी माळ संरक्षित झाला, तारेचं कुंपण आलं, आणि भिंतीपाशी फलक लागला: ‘मोर्च्याची भिंत’. खाली सगळा मजकूर माझा, आणि त्याखाली माझं नाव.

त्यानंतर दर फेब्रुवारीत तिथे स्मरणाचा दिवस साजरा व्हायला लागला. मंडप, माईक, भिंतीला झेंडूच्या माळा. नाना निवृत्त होऊन त्या माळालगतच्या गावात राहायला आले होते, आणि तिथून माझ्या नशिबाचे फासे उलटे पडले.

नानांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर दिवस जाईल. कोणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात जायचे. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचा, तिची ख्यालीखुशाली विचारायची, मग घरमालकाकडे वळायचं. एकदा चोपड्याला आमच्या घरी आले. आम्ही पहिल्या मजल्यावर राहणारे. दारात क्षणभर घुटमळले, इकडेतिकडे पाहिलं, मग खाली जाऊन माझ्या स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला आणि वर आले. माझी बायको हसून हसून बेजार झाली. पुढे कित्येक महिने ती मला म्हणायची, ‘त्यांच्याकडून शिका जरा, माणूस दारातूनच आवडतो.’ मला त्यात शिकण्यासारखं काही दिसत नव्हतं.

दुसरी तऱ्हा कानाची. गुरांचा ताप कानाला हात लावून पाहतात. नानांना माणसांच्या बाबतीतही तीच सवय. बोलता बोलता समोरच्याचा कान दोन बोटांत धरायचे. पोरं खिदळायची, म्हातारे कान पुढे करायचे. एका वर्षी मी भाषणाचे कागद हातात घेऊन मंडपाच्या कडेला उभा होतो, तेव्हा त्यांनी शाळेच्या पोरांसमोर माझा कान धरला.

‘‘सर, तुमना कान गरम लागस,’’ म्हणाले. ‘‘इतलं वाचशात तर ताप येवावच.’’

पोरं हसली. त्यांच्यातली निम्मी माझ्या वर्गातली होती.

माझं भाषण चाळीस मिनिटांचं असायचं. त्यात फौजेच्या तुकड्या, वाटा, तारखा, दोन्ही बाजूंचं बळ, सगळं असायचं. पंधराव्या मिनिटाला बायका उठून भाकरी थापायला जायच्या. विसाव्या मिनिटाला पुरुषांना वांगी भाजायची आठवण व्हायची. मग नाना उठायचे. माईक घ्यायचे नाहीत. भिंतीकडे पाठ करून उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, ‘‘चाला.’’ की सगळा मंडप त्यांच्यामागे उतारावरून खाली, नाल्याकडे. भाकऱ्या थापणाऱ्या बायकासुद्धा पिठाचे हात झटकत निघायच्या. मंडपात मी, माईकवाला आणि खुर्च्या.

नाल्यात मोठाले काळे खडक आहेत. नाना सगळ्यांना त्या खडकांमागे बसवायचे. ‘‘बठा. आखो खाले बठा. आते वर देखा.’’ सगळे उकिडवे बसून वर पाहायचे. वर मोकळा चढ आणि आभाळ. मग ते विचारायचे, ‘‘तठून कोनी उना, तर तुमले दिसी का नही?’’ आणि गोष्ट सुरू व्हायची.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणीही लढाईबद्दल काही सांगायला लागलं की म्हणायचे, ‘‘पहिले सांगा, जनावरस्ले पानी कोठे पाजं? मंग लढाई सांगा.’’ मला हे अडाणीपणाचं वाटायचं. लढाईत घोड्यांनी पाणी कुठे प्यायलं याच्याशी इतिहासाला काय करायचंय? कोण जिंकलं हे मात्र ते कधी सांगायचे नाहीत. एकदा एका पत्रकाराने खोदून खोदून विचारलं. नाना म्हणाले, ‘‘जो जितना तो पानी पीसन निंघी गया. ज्या हारनात त्यास्ना नातू आठेच शेतस. त्यास्ले इचारा.’’ दुसऱ्या दिवशी पेपरात तेच वाक्य, चौकटीत. माझ्या पुस्तिकेचा उल्लेख बातमीत होता, पण पुस्तिकेचं नाव चुकलेलं होतं.

एका वर्षी प्रांतसाहेब येणार असं कळलं. मी नवा सदरा शिवला. भाषण पुन्हा लिहून काढलं, पंचवीस मिनिटांवर आणलं. साहेब दहा मिनिटं ऐकून घड्याळ बघायला लागले. मग नानांनी ‘चाला’ म्हटलं. अर्ध्या तासाने साहेब नाल्यातून वर आले ते पांढऱ्या पँटच्या गुडघ्यांना माती घेऊन, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘‘काय माणूस आहे हो!’’ मी म्हटलं, हो ना. माझी पुस्तिका मी त्यांना सही करून दिली होती. ती खुर्चीवरच राहिली. मी ती उचलली, सहीचं पान काढून टाकलं आणि पिशवीत ठेवली.

पण हेव्याचा खरा कडेलोट झाला तो बकरीमुळे.

नाना दरवर्षी एका बकरीची गोष्ट सांगायचे. फौज आली त्या सकाळी माळाखालच्या भिल्लांच्या पाड्यावरचे सगळे डोंगराकडे पळाले. एका बाईची बकरी रात्रीच व्यायली होती आणि खुंट्याला बांधलेली राहिली होती. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. ती परत फिरली. गोळीबार चालू असताना नाल्यातून रांगत गेली, बकरी सोडली, दोन करडं पदरात घेतली आणि आली. नवरा मात्र त्या दिवशी आला नाही. ही गोष्ट नानांना कोणत्या कागदात सापडली नव्हती. सुया टोचायला पाड्यावर जायचे तेव्हा त्या बाईच्या पणतीने त्यांना सांगितली होती. ती पणती आता स्वतः म्हातारी झाली आहे, दरवर्षी पहिल्या रांगेत बसते. नाना ‘करडं पदरात घेतली’ म्हणायचे तेव्हा सगळ्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. माझ्या पुस्तिकेत तळटिपा भरपूर आहेत. बकरी एकही नाही.

मग मी ती चोरली. दुसरा शब्द नाही. एका वर्षी भाषणाची सुरुवातच बकरीपासून केली, नाना बोलायच्या आधी. मोठ्या आवाजात, हातवारे करून. ‘‘ती काळी बकरी हंबरत होती...’’ एवढं म्हणालो आणि पहिल्या रांगेतून ती म्हातारी शांतपणे म्हणाली, ‘‘काई नही व्हती. कबरी व्हती.’’

बकरी हंबरत नाही हेही कोणीतरी मागून सांगितलं. लोक हसायला लागले. मी हातातले कागद उलटेसुलटे करायला लागलो. तेव्हा नाना उभे राहिले. म्हातारीला म्हणाले, ‘‘आजी, सरस्नं बी बरोबर शे. धुव्वामा कबरी बी काईच दिसस.’’ बंदुकांच्या धुरात कबरी बकरीही काळीच दिसते. म्हातारीने विचार केला आणि मान डोलावली. माझं भाषण पुढे सुरू झालं.

त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. आणि म्हणूनच मी त्यांना माफ करू शकलो नाही. त्यांनी माझी फजिती होऊ दिली असती तर मी त्यांचा मनापासून द्वेष करून मोकळा झालो असतो. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

मला धीर होता तो भिंतीचा. नाना काहीही सांगोत, लोक कुठेही जावोत, झेंडूच्या माळा माझ्या भिंतीला पडत होत्या. शाळेच्या सहली येत, पोरं भिंतीमागे उभी राहून फोटो काढत. फैजपूरहून कोणी, पहूरहून कोणी फोन करायचं, ‘सर, तुमची भिंत पाहून आलो.’ तुमची भिंत! हे दोन शब्द मला चार दिवस पुरायचे. एकच गोष्ट खटकायची. पाड्यावरचे म्हातारे त्या दिवशी पूर्वजांच्या नावाने मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात, ती भिंतीपाशी नाही, खाली नाल्याकाठच्या अंजनाच्या झाडाखाली. मी मनाची समजूत घातली होती की तिथे सावली आहे म्हणून.

नाना नोव्हेंबरात गेले. झोपेतच गेले. दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी चहा केला. मग आतून एक कापडी पिशवी आणली. त्यात नानांची प्रत होती, माझ्या पुस्तिकेची. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं, कोपरे मळलेले, किती वेळा वाचली असेल कोणास ठाऊक. ‘घोडे भिंतीमागे बांधले होते’ असं मी जिथे लिहिलं होतं, तिथे समासात पेन्सिलीने एकच शब्द: ‘पानी?’

‘‘भलतं जपेत त्या पुस्तकले,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘कोनी उनं का दखाडेत. सरस्नी लिखेल शे म्हनेत.’’

मी फलकाच्या फोटोचं पान उघडलं. अक्कांनी चष्मा लावला, फोटो जवळ घेतला आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं.

‘‘हाई आमनी भित,’’ म्हणाल्या. ‘‘मना लगीनले वरीस बी नही व्हयेल व्हतं. बहात्तरना दुकाय. आम्ही दोन्ही आठेच कामवर व्हतूत. मी पाटी वाहू, त्या दगड रचेत.’’

मी विचारलं, ‘‘कोणती भिंत, अक्का?’’

‘‘हाईच. जठे तुमना बोर्ड शे. माती वाही जाये ना पावसामा, ती आडावाले बांधेल व्हती.’’

मी म्हणालो, नानांनी मला कधी सांगितलं नाही. अक्का म्हणाल्या, मी एकदा म्हटलं होतं त्यांना, सरांना सांगा म्हणून. तर म्हणाले होते, राहू दे. त्यापुढे त्यांना काही आठवत नव्हतं.

परतताना बस माळावरून गेली, तेव्हा मी खिडकीतून पाहिलं नाही. घरी येऊन पुस्तिका काढली. सगळं स्वच्छ दिसायला लागलं. पाणी नाल्यात. आडोसा म्हणजे नाल्यातले खडक. धार अंजनाखाली. नाना दरवर्षी भिंतीकडे पाठ करून लोकांना जिथे नेत होते, लढाई तिथे झाली होती. मी दरवर्षी दुष्काळी कामाच्या बांधाला झेंडू वाहत होतो, आणि ज्या माणसाने तो बांध स्वतःच्या हाताने रचला, तो समोर उभा राहून माझं भाषण ऐकत होता. टाळ्याही वाजवायचा.

मला राग आला तो त्यांचाच. कीव करत होते का माझी? बारा वर्षं? चार लोकांत मला खोटं पाडलं असतं तरी चाललं असतं, असं मी स्वतःशी म्हणालो. ते खरं नव्हतं.

जानेवारीत स्मरणदिनाच्या समितीचा निरोप आला. या वर्षी नाना नाहीत, तेव्हा सगळा कार्यक्रम तुम्हीच घ्या. भाषणही तुमचं आणि लोकांना माळावर फिरवून दाखवायचंही तुम्हीच. ज्याच्यासाठी बारा वर्षं जळलो ते आयतं हातात आलं होतं. गप्प बसलो असतो तर फलक राहिला असता, नाव राहिलं असतं, माझ्या मागेही भिंत माझीच राहिली असती. अक्का काही बोलायला येणार नव्हत्या. आणि बोललो असतो तर माझ्याकडे काय उरलं असतं? एका चुकीच्या नकाशाची पुस्तिका. मी बायकोलाही काही सांगितलं नाही. भाषणं दोन लिहिली. एक भिंतीचं, एक खरं. दोन्ही खिशात घालून गेलो.

मंडप भरला होता. अक्का एका बाजूला बसल्या होत्या. पहिल्या रांगेत बकरीवाली म्हातारी, तिच्या शेजारी धार सोडणारे आबा, पाड्यावरचे सगळ्यांत वडील. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. मी माईकसमोर उभा राहिलो, आणि भिंतीचं भाषण बाहेर काढलं. ‘‘या ऐतिहासिक भिंतीच्या साक्षीने’’ ही पहिली ओळ वाचली. मान वर केली तर अक्का माझ्याकडे पाहत होत्या. रागाने नाही. एखादं पोर पाठांतर म्हणत असताना आई पाहते तशा. मला पुढची ओळ वाचता येईना.

मी कागद घडी केला. म्हणालो, ‘‘ही भिंत मोर्च्याची नाही. दुष्काळाच्या कामावर घातलेला तो बांध आहे. लढाई खाली नाल्यात झाली. मी चुकीचं लिहिलं, आणि सरकारने माझ्या सांगण्यावरून फलक लावला. चूक माझी आहे.’’

मला वाटलं होतं की कुजबुज होईल, कोणी ओरडेल, निदान कोणी तरी चकित होईल. कोणाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. बायांनी पदर सारखे केले. एक पोर रडत होतं, त्याला कोणी तरी बाहेर नेलं.

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, ‘‘माहीत शे, सर.’’

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘भितनं. बठ्ठासले माहीत शे. मना बाप व्हता कामवर, मी बी व्हतू. आर्धं गाव व्हतं.’’

माईक तोंडासमोर होता हे विसरून मी विचारलं, ‘‘मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?’’ माझा आवाज सगळ्या माळावर गेला.

आबांनी अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘नाना बोलू देयेत नहीत. म्हनेत, सरस्नी भलती मेहनत करेल शे, कोनी तोंड उघडू नका. त्या खरा मानूस शेतस, म्हनेत. एक दिन सरच सोता सांगतीन.’’

एवढं बोलून आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांच्यामागे सगळे उठले आणि उतारावरून नाल्याकडे निघाले. बकरीवाल्या म्हातारीने जाता जाता माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, ‘‘चाला.’’ मी गळ्यातला हार काढला आणि निघालो. माणूस जाऊन तीन महिने झाले होते, आणि माझ्या बाबतीतही शेवटी तेच बरोबर निघाले होते. त्यांचा इतका हेवा मला ते जिवंत असताना कधी वाटला नव्हता.